अवलंबित कोणी नाही

कालवा बंद होऊन दोन महिने झाले होते आणि गेटवाल्याच्या खांद्यावर कावडीचा काळा वळ उठला होता.

गेटवाला म्हणजे कालव्याच्या गेटवरचा माणूस. चाक सुलटं फिरवलं की पाणी सुटायचं, उलटं फिरवलं की बंद. त्या चाकाच्या जोरावर तो तीस वर्षं गावात मान वर करून फिरला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी लोक त्याला गेटवालेच म्हणायचे आणि तोही हाकेला ओ द्यायचा. यंदा कालव्याची दुरुस्ती निघाली, पाणी बंद झालं, आणि ज्या माणसानं गावाला पाणी पाजलं तो दोन डबे कावडीला अडकवून विहिरीपासून लिंबांपर्यंत खेपा घालू लागला.

लिंबाची झाडं एकतीस. ती त्याच्या बायकोनं लावली होती. बायको सरकारी दवाखान्यात नर्स. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातात पहिल्यांदा रडली. निवृत्त झाल्यावर हात गप्प बसेनात म्हणून तिनं झाडं लावली आणि बाळंतिणींवर ओरडायची तशी ती झाडांवर ओरडायची. थंडीत ती गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. झाडं राहिली.

"सतरावं झालं का रे?" बांधावर बसलेल्या आक्कानं विचारलं. आक्का त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून तीस वर्षं भावाकडेच होती. तिला कमी दिसायचं, पण नको ते बरोबर दिसायचं.

"अठरावं झालं."

"सतरावंच. अठराव्याचं आळं कोरडं ठणठणीत आहे. मला फसवतोस?"

त्यानं अठराव्याला एक डबा ओतला. माती फुस्स करून पाणी प्यायली आणि पुन्हा तशीच दिसू लागली. विहिरीत पाणी इतकं कमी होतं, की पोहरा सोडला तर बुडायच्या ऐवजी आडवा झोपायचा. मग दोर हलवून हलवून त्याला उठवायचं, पाजायचं आणि वर ओढायचं.

"बोअरवाला काय म्हणाला?"

"विहिरीत आडवं बोअर मारू म्हणाला. दोन बाजूंनी मारलं तर झरा लागेल. पैसे आधी म्हणाला."

"मग दे."

"कुठून देऊ? माझं पेन्शन तुला माहीत आहे."

"माहीत आहे. उंदराला शेपूट असतं तेवढं." आक्का उठून उभी राहिली, म्हणजे आता खरं बोलणं येणार. "तिचं पेन्शन आण. बायको गेली तर नवऱ्याला मिळतं. दवाखान्यातल्या शिपायानं मला सांगितलं. सहा महिने झाले, तू त्या ऑफिसाची पायरी चढला नाहीस. झाडं मेल्यावर जाणार आहेस का?"

त्यानं रिकामा डबा कावडीला अडकवला. बायकोच्या पैशासाठी हात पसरायचा म्हटलं की त्याचा पाय उचलायचा नाही. पण एकोणिसाव्या झाडाशी वाकला तेव्हा पानं बोटाला लागताच गळून हातात आली. त्यानं ती पानं बघितली, मुठीत धरली आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून ऑफिसात गेला.

*

पेन्शन ऑफिसात एक लांब बाक होता आणि त्यावर म्हातारे सरकत सरकत पुढं जात होते. एकानं उठावं आणि सगळ्यांनी एक जागा सरकावं. गेटवाल्याचं धोतर बाकाच्या खिळ्यात अडकलं, तो ते सोडवत बसला तेवढ्यात मागचे दोघे पुढं सरकले. तीस वर्षं त्यानं लोकांच्या पाळ्या लावल्या होत्या. इथं त्याची पाळी कोणीही खात होतं.

कारकून पोटानं मोठा आणि आवाजानं बारीक होता.

"नातं?"

"नवरा."

"बाईंचा नवरा. बरं. तुम्ही काय करत होता?"

"कालव्याच्या गेटवर होतो."

"म्हणजे सरकारीच. म्हणजे तुमचं स्वतःचं पेन्शन आहे." कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे आजोबा. एका माणसाला दोन मिळत नाहीत. स्वतःचं ठेवायचं, नाहीतर ते कायमचं सोडून बाईंचं अर्धं घ्यायचं."

हे गेटवाल्याला चटकन कळलं. टंचाईच्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे विहीर त्याला कालव्याची पाळी नाही, हा नियम त्यानंच गावात राबवला होता. लोक पाया पडले, शिव्या घातल्या, कोंबड्या घेऊन आले. त्यानं चाकाला हात लावू दिला नव्हता.

"बाईंचं अर्धं म्हणजे किती?"

कारकुनानं आकडा सांगितला. तो गेटवाल्याच्या पेन्शनच्या तिप्पट होता. म्हणजे अर्धी बायकोसुद्धा त्याच्या तिप्पट भरत होती.

"मग माझं सोडतो."

"तसं सोडता येत नाही. तुम्ही बाईंवर अवलंबून होता हे सिद्ध व्हायला पाहिजे. आणि इथं बघा, बाईंनी काय लिहिलंय."

त्यानं फायलीतला पिवळा पडलेला कागद फिरवून समोर धरला. अक्षर तिचंच. औषधाच्या बाटलीवर लिहायची तसं सुटं, ठसठशीत. 'अवलंबित व्यक्ती' असा रकाना होता आणि पुढं तिनं लिहिलं होतं: कोणी नाही.

त्याला तो दिवस आठवला. ती निवृत्त व्हायच्या आधीचा महिना. ती टेबलाशी फॉर्म भरत होती, तो आरशापुढं मिशा कातरत होता. "इथं तुमचं नाव लिहू ना?" तिनं विचारलं होतं. "अवलंबित म्हणून." आणि तो कात्री हातात घेऊन गरजला होता, "अवलंबित? मी काय तुझ्या जिवावर जगतो का? माझ्या शब्दाशिवाय या गावात पाणी हलत नाही!" ती "बरं" म्हणाली होती. एवढंच. आणि लिहून मोकळी झाली होती.

"आता?" त्यानं कारकुनाला विचारलं.

"आता चौकशी. आमच्या बाई येतील गावात. दोन साक्षीदार ठेवा, नात्यातले नकोत. त्यांनी सांगायचं, की हा गृहस्थ बायकोच्या कमाईवर जगत होता." कारकून हसला. "बाकीचे लोक इथं येऊन सांगतात, मी कमावता होतो. तुम्हाला उलटं सांगायचंय. सोपं आहे."

*

सोपं काही नव्हतं. त्यानं चार दिवस खेपा घालता घालता हाच विचार केला. आक्का म्हणत होती, "मी देते साक्ष. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते."

"नातेवाईक चालत नाही."

"हा कसला नियम? घरातलं घरातल्यांना माहीत असतं की रस्त्यावरच्यांना?"

शेवटी तो न्हाव्याच्या दुकानात गेला. खुर्चीत किराणा दुकानदार बसला होता, तोंडभर फेस. गावात शब्दाला वजन असलेली माणसं ही दोनच, आणि दोघं एकदमच सापडली. गेटवाला दारात उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"पेन्शनची चौकशी आहे. मंगळवारी बाई येणार आहे. दोघं साक्षीला याल का?"

"साक्ष? माझी?" दुकानदार फेसातून म्हणाला. "ज्याच्या मोसंबीच्या झाडांचं तुम्ही सरपण केलंत त्याची? मी म्हटलं, गेटवाले, एक तास सोडा. तुम्ही म्हणालात, तुला विहीर आहे."

"नियम होता."

"विहिरीत बेडूक पाणी शोधत होते!"

"हलू नका शेठ," न्हावी म्हणाला. "गळ्यावर वस्तरा आहे."

दुकानदार गप्प झाला. वस्तरा गालावर आल्यावर म्हणाला, "जाऊ द्या. माणूस गेलंय घरातलं, आता मोसंबी काय उकरायची. येतो मी. काय सांगायचं?"

इथं गेटवाल्यानं सांगायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आलेही होते. पण याच दुकानात, याच बाकावर बसून त्यानं तीस वर्षं सांगितलं होतं: घर मी बांधलं, पोरीला मी शिकवलं, जमीन मी घेतली, तिच्या पगाराला मी हात लावत नाही, ती आपली तिच्या हौसेला नोकरी करते. समोरच्या आरशात त्याला त्याचंच तोंड दिसत होतं.

"जे खरं असेल ते सांगा," तो म्हणाला आणि वळला.

"बिनघोर राहा," न्हावी मागून ओरडला. "तुमची अशी साक्ष देतो, की बाई उठून नमस्कार करेल!"

*

मंगळवारी चौकशीच्या बाई स्कूटरवरून आल्या. वयानं गेटवाल्याच्या पोरीएवढ्या, हेल्मेटनं केस चप्प बसलेले. ओसरीवर खुर्ची टाकली होती. एका बाजूला न्हावी धुतलेल्या शर्टात, दुसऱ्या बाजूला दुकानदार. आक्का उंबऱ्यावर बसली, म्हणजे ना आत ना बाहेर.

"आजी, तुम्ही कोण?"

"याची थोरली बहीण. लिहून घ्या, हा माणूस—"

"तुमचं धरता येणार नाही आजी."

"धरू नका. ऐका तरी."

"आक्का, गप बस," गेटवाला म्हणाला.

बाईंनी कागद काढला. "अर्जदार पत्नीच्या उत्पन्नावर अवलंबून असल्याचा दावा करतात. तुम्ही काय सांगाल?"

न्हाव्याला हा प्रश्न म्हणजे शत्रूनं टाकलेला डाव वाटला. तो उभा राहिला.

"साफ खोटं! कोणी सांगितलं तुम्हाला? हे गेटवाले बायकोच्या जिवावर जगणारे नव्हेत, बाई. वाघ माणूस. हे घर त्यांनी बांधलं. पोरीला नर्सिंगला घातलं, फी यांनी भरली. मी स्वतः वर्षभर यांची कटिंग फुकट केली, पोरीची फी भरताहेत म्हणून!"

बाईंनी लिहिलं.

"आणि जमीन," दुकानदारानं भर घातली. "माझं यांच्याशी वाकडं आहे, तरी खरं ते खरं. ही लिंबाची पट्टी यांनी रोख घेतली. नर्सबाईंच्या पैशाला शिवले नाहीत. लिहा, शिवले नाहीत."

बाईंनी तेही लिहिलं. उंबऱ्यावर आक्कानं कपाळावर हात मारला. त्याचा आवाज ओसरीवर सगळ्यांना ऐकू आला.

"म्हणजे अवलंबून नव्हते," बाई पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "नर्सबाईंनी स्वतःही तेच लिहिलंय. मग अर्ज निकाली काढते."

न्हावी गेटवाल्याकडे बघून हसला. वाचवलं की नाही, असं ते हसणं होतं.

गेटवाल्यानं बाहेर बघितलं. ओसरीवरून पट्टी दिसत होती. पहिल्या ओळीतलं कोपऱ्यातलं झाड पुरतं पिवळं पडलं होतं.

"खोटं आहे," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"हे सांगतात ते. घर तिनं बांधलं. मी विटा वाहिल्या."

न्हाव्याचं तोंड उघडं राहिलं. "आणि फी?"

"तिनं भरली."

"मग माझ्या बारा कटिंगा?"

"त्या मी करून घेतल्या," गेटवाला खाली मान घालून म्हणाला. "जमीन तिच्या फंडातली. सायकलसुद्धा तिनं घेतली. मी नुसती चालवायचो, तिला मागं बसवून. कुठं बाळंतपण असलं की."

"अहो, मग तीस वर्षं आम्ही दुकानात ऐकत होतो ते काय होतं?" दुकानदार म्हणाला.

"थापा."

"सगळ्या?"

"एक सोडून. पाणी माझ्या शब्दाशिवाय हलत नव्हतं."

"ते माझ्या मोसंबीला विचारा," दुकानदार म्हणाला.

बाईंनी टोपण पुन्हा काढलं. त्या आता जरा पुढं सरकून बसल्या होत्या. "पण आजोबा, तुम्हाला पगार होता ना? तो कुठं जायचा?"

"पगार नंतर. आधीची एकवीस वर्षं मी रोजंदारीवर होतो. सहा सहा महिने पैसे यायचे नाहीत. आले तर तुटके यायचे. तरी मी दर एक तारखेला घरात पगार द्यायचो."

"न आलेला पगार कसा द्यायचात?"

गेटवाल्यानं आक्काकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं.

"ती सकाळी माझ्या सदऱ्याच्या खिशात घालून ठेवायची. तिच्या पगारातले. संध्याकाळी मी घरी यायचो आणि आईसमोर, हिच्यासमोर, तिच्या हातात द्यायचो. हा घे पगार म्हणून. आई होती तोवर. आणि नंतरही."

आक्का उंबऱ्यावरून उठायला गेली आणि तशीच पुन्हा बसली.

"कधी कधी ती भांडायचीसुद्धा," गेटवाला म्हणाला. "एवढेच का, म्हणून. पटावं म्हणून."

बाई लिहायच्या थांबल्या होत्या. मग त्या सावकाश म्हणाल्या, "आजोबा, हे मी लिहून घेते. पण हे तुमचं स्वतःचं सांगणं झालं. अर्जदाराचं सांगणं पुरावा होत नाही. बाहेरच्या कोणीतरी बघितलेलं पाहिजे."

"खिशात पैसे घालताना बाहेरचं कोण बघणार?" आक्का चिडून म्हणाली. "मी घरात असून बघितलं नाही!"

तेवढ्यात दुकानदारानं मांडीवर थाप मारली.

"थांबा. थांबा, बाई. ह्या नर्सबाई दर एक तारखेला सकाळी माझं दुकान उघडायच्या आत यायच्या. हातात बँकेच्या कोऱ्या नोटा. मला म्हणायच्या, शेठ, या घ्या आणि मला चुरगळलेल्या द्या. मळकट असल्या तरी चालतील. मळकट असल्या तर बरंच. मी म्हणायचो, बाई, लोक फाटक्या देऊन कोऱ्या मागतात, तुमचं हे काय? तर हसायच्या. मला वाटलं, दवाखान्यात औषधांचा वास घेऊन घेऊन बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. कितीतरी वर्षं बदलून दिल्या मी!"

"चुरगळलेल्या कशाला?" बाईंनी विचारलं.

"कोऱ्या नोटा रोजंदारीवाल्याच्या खिशात कुठून येणार?" दुकानदार म्हणाला. आणि बोलता बोलता त्यालाच ते पुरतं कळलं, तसा त्याचा आवाज खाली आला. "मस्टरवरच्या माणसाच्या नोटा अशाच असतात. घामट."

गेटवाला त्याच्याकडे बघत राहिला. हे त्याला माहीत नव्हतं. दर महिन्याला त्या नोटा त्याच्या खिशात होत्या, दिवसभर चाक फिरवताना छातीला लागत होत्या. आपल्याच घामानं त्या मळल्यात असं त्याला वाटायचं.

त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिला. न्हाव्यानं भिंतीवरच्या पालीकडे बारीक लक्ष दिलं.

"सही करा शेठ," बाई म्हणाल्या. दुकानदारानं सही केली. न्हावी म्हणाला, माझा पहिला जबाब खोडा, मीही करतो, गेटवाले थापाडे आहेत याला मीसुद्धा साक्षीदार आहे. मग बाईंनी शेवटचा कागद पुढं केला. गेटवाल्यानं स्वतःचं पेन्शन कायमचं सोडल्याचा तो कागद होता.

"वाचून सही करा. एकदा सोडलं की परत मिळत नाही."

त्यानं वाचलं नाही. सही मात्र पूर्ण केली, आडनावासकट.

"पुढच्या महिन्यापासून येईल," बाई म्हणाल्या. हेल्मेट घालता घालता थांबल्या आणि आक्काला म्हणाल्या, "येते आजी." आक्कानं उत्तर दिलं नाही. हे गावानं पहिल्यांदाच बघितलं.

*

सगळे गेल्यावर ऊन उतरलं. गेटवाल्यानं कावड उचलली. बोअरवाला यायचा तेव्हा येईल, झाडांना आजचं पाणी आजच हवं होतं. आक्का नेहमीसारखी बांधावर येऊन बसली, पण आज मोजत नव्हती. त्यानं बारा झाडं केली, तेरावं केलं, मुद्दाम एक झाड सोडून पुढं गेला. तरी ती बोलली नाही.

"काय झालं?" शेवटी त्यानं विचारलं.

"ती 'एवढेच का' म्हणायची ना," आक्का म्हणाली, "तेव्हा मी तुझी बाजू घ्यायचे. माझा भाऊ उन्हात मरमर मरतो आणि हिला पुरत नाही, असं तिच्या तोंडावर म्हणाले मी. एकदा तर आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते."

"माहीत आहे."

"तिनं तुला सांगितलं?"

"सांगणार नाही तर काय. घरात बोलायला होतं कोण दुसरं, तू बोलत नव्हतीस तर."

आक्का जमिनीतलं ढेकूळ बोटांनी फोडत बसली. "मग काय म्हणायची? रडायची का?"

"छे! तोंडात पदर कोंबून हसायची." त्यानं डबा खाली ठेवला. "म्हणायची, आक्कांना पटलं, आता गावाची काळजी नाही."

आक्कानं हातातलं ढेकूळ त्याच्या दिशेनं भिरकावलं. ते त्याला लागलं नाही. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना. तो विहिरीकडे वळला. पोहरा सोडला, तो आडवा पडला, त्यानं दोर हलवला. मागून आक्काचा आवाज आला, भरलेला, पण पुन्हा तिचा नेहमीचा:

"चौदावं सोडलंस मघाशी! आंधळी समजतोस काय मला?"